काडी कोणत्या हातानं ओढली

आमचे घरमालक काकाजी कोणत्याही गोष्टीची फक्त सुरुवात पाहात. शेवटाशी त्यांचं काय वाकडं होतं ते मला इतकी वर्षं त्यांच्या घरात भाड्यानं राहूनही समजलं नाही. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरतात, त्या दिवसांत आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात, लोक चादरी-घोंगड्या घेऊन उजाडेपर्यंत बसतात. काकाजी नांदी ऐकत, पहिलं पात्र काय बोललं तेवढं ऐकत आणि पॅन्ट झटकून घरी. लग्नात पहिली मंगलाष्टका झाली की मांडवाबाहेर. जेवताना पहिला घास तोंडात घालून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "मीठ बरोबर हाये, पण मन नोहतं आज."

"मन कढईत टाकत नसतात जी," काकूजी म्हणत. "जेवा गुमान."

पवनीच्या बस स्टँडवर ते कंट्रोलर होते. म्हणजे खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि भोंग्यावर पुकारा करायचा. मला वाटतं सगळं खूळ तिथूनच लागलं असेल. सगळ्या गाड्या त्यांच्यासमोरून सुटत, पण कोणती कुठे जाऊन कशी पोहोचली ते त्यांना कोण सांगायला येतं? ते म्हणत, "बाई, गाडी सुटताना पायची. ड्रायव्हर कसा चढते, कंडक्टर घंटी कशी मारते, त्याच्यात सगळं येऊन जाते. पोहोचाचं काय, ते लोकाइले दाखवासाठी असते." एकदा मी माहेरी अड्याळला निघाली होती. गाडी हलली तसे खिडकीतून ओरडले, "बाई, उतर! हे गाडी रस्त्यात बसन!" मी काही उतरली नाही, गाडीही काही बसली नाही. परत आल्यावर मी त्यांना हसून सांगितलं, तर ते जराही गडबडले नाहीत. "मंग रस्त्यात गाडी बदलली असन." मी म्हटलं, "नाही जी, तीच होती." तर म्हणाले, "तुले काय मालूम, तू आत बसली होती."

मी बराच वेळ या उत्तराचा विचार करत राहिली. चूक आहे हे दिसत होतं, पण कुठे चूक आहे ते सापडत नव्हतं. त्यांच्याशी बोलून उठलं की नेहमी असंच व्हायचं.

सुरुवातीच्या या खुळातलं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे एक सिनेमा. खुनाचा होता, जुना, काळा-पांढरा. त्यांचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा गावात सिनेमाचा फिरता तंबू आला होता. घरातली सगळी माणसं गेली होती. सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि असं वादळ सुटलं की तंबूची एक बाजू उडाली, पडदा फाटला, लोक चपला सोडून पळाले. तंबूवाला दुसऱ्या दिवशी सामान गोळा करून पुढच्या गावाला गेला. म्हणजे काकाजींना त्या सिनेमाची फक्त सुरुवात बघायला मिळाली. दुसरा कोणी असता तर हळहळला असता. काकाजींनी ती सुरुवात आयुष्यभर पुरवली.

ती ते कशी सांगत ते ऐकण्यासारखं होतं. खिडकीतून बाहेर येऊन, खिशातून काडेपेटी काढून, स्टँडवर ताटकळलेल्या लोकांना धरून सांगत. आधी पूर्ण अंधार. घोड्याच्या टापा. टांगा थांबतो. उतरणाऱ्याचं तोंड दिसत नाही, फक्त बूट दिसतात. इथे काकाजी थांबत. "बूट ओले. रस्ता कोरडा. ध्यानात ठेवा." फाटक, जिना, दार. पुन्हा अंधार. मग एक हात काडी ओढतो. त्या उजेडात पलंगाची मच्छरदाणी दिसते, आत कोणीतरी झोपलेलं. काडी बोटांपर्यंत जळत येते, तरी तो हात ती टाकत नाही. मग फू. अंधार. किंकाळी. आणि त्या किंकाळीवर सिनेमाचं नाव येतं, मोठ्या अक्षरांत.

मग सकाळ. लांबलचक टेबल. तीन माणसं जेवत आहेत आणि चौथी खुर्ची रिकामी, घरमालकिणीची. तिघं म्हणजे डॉक्टर, दिवाणजी आणि मालकिणीचा पुतण्या. कोणी त्या खुर्चीकडे पाहत नाही. बस, इथे वादळ आलं.

"आता सांगा," काकाजी म्हणत, "खुनी कोण?"

लोक काय काय सांगत! एक ड्रायव्हर होता, तो डॉक्टरचंच नाव घ्यायचा. म्हणायचा, "डॉक्टर इंजेक्शन देताना बी आधी आपल्या तोंडाकडं पायते, सुईकडं नाही." एका गुरुजींनी टांगेवाल्यावर संशय घेतला, कारण टांगा थांबला पण टांगेवाला दिसलाच नाही. मला त्यांनी पहिल्याच महिन्यात विचारलं. मी दिवाणजी सांगितलं. पुढच्या वर्षी विचारलं तेव्हा मी पुतण्या म्हटलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझंच मला समजेना. काकाजी प्रत्येकाचं ऐकून घेत, "हं" म्हणत आणि काडेपेटी खिशात टाकत. त्यांना स्वतःला कोण वाटतो ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सिनेमाचं नावही सांगत नसत. म्हणत, "नाव सांगतलं का लोक शेवट हुडकत जातात."

त्या सगळ्या सुरुवातीचा खुंटा म्हणजे काडी ओढणारा हात. "डावा हात," काकाजी बोट उचलून सांगत. "मानूस डावरा हाये. आन् टेबलावर तिघांतला एकच डाव्या हातानं जेवते." बरं, मग तोच खुनी ना, असं कोणी म्हटलं की लगेच म्हणत, "इतकं सोपं असतं तं टांगा कायले दाखवला असता?" आणि ऐकणारा पुन्हा गोंधळात.

आता या हातावरून त्यांच्या घरात जे झालं ते सांगते. ते मला काकूजींनीच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, हसत हसत. वादळाच्या दुसऱ्या दिवशी घरात सिनेमाचीच चर्चा. काकाजींनी डाव्या हाताचा शोध सगळ्यांना सांगितला. काकूजी नवी नवरी. डोक्यावर पदर. चहा देता देता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उजवा होता ना जी."

सगळ्यांसमोर. सासू होती, जावा होत्या.

काकाजींनी विचारलं, "काय उजवा?"

"काडी ओढली तो हात. आन् टेबलावर दोघं जण डाव्या हातानं जेवत होते बाप्पा, एवढे मोठे लोक. एकट्यालेच तेवढं वळण होतं."

झालं. घर इतकं हसलं म्हणे, की शेजारचे पाहायला आले. सासू म्हणाली, "माय, हे पोरगी तं सिनेमा डोळे मिटून पाहून आली." काकाजींनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "तुले डावं-उजवं समजते का वं?" आणि ते त्यांना चिकटलं ते चिकटलंच. पाव्हणे आले की सांगायचं, हिला डावं-उजवं समजत नाही. बाजारात गेले की रस्ता ओलांडताना त्यांचं कोपर धरायचं. कोणी वाटसरू दारात येऊन अमक्याचं घर विचारायला लागला आणि काकूजी सांगू लागल्या की काकाजी आतून ओरडायचे, "तिले नका विचारू, उलटा नेऊन सोडन."

मी एकदा म्हटलं, "काकूजी, तुम्हाला राग नाही येत?"

"यायचा आधी. मंग मी ते कामाले लावलं." खरंच लावलं होतं. काकाजींनी आतून हाक मारली, "माझा चष्मा कोनत्या खणात हाये?" की या बाहेरून, "मले काय विचारता? डाव्या म्हनान का उजव्या, मले समजते का?" स्वतःच उठावं लागे. जावांनी काही मोठं काम सांगितलं तरी हेच. पण पाहुण्यांसमोर ते बोलणं निघालं की त्यांचं हसू जरा उशिरा यायचं. आधी खाली पाहायच्या, मग हसायच्या. मी ते पाहिलं आहे.

आणि तरी त्या कधी 'मी चुकली' म्हणाल्या नाहीत. एकदा मी विचारलं तर निवडलेला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "उजवाच होता. मी कायले खोटं बोलू? मले का त्या घरात सोयरिक करायची होती?"

मी कोणावर विश्वास ठेवावा? काकाजी म्हणत डावा, त्या म्हणत उजवा, दोघंही शपथेवर, आणि दोघंही एकाच तंबूत बसलेले. मला वाटायचं, जाऊ दे, नवराबायकोचं भांडण, त्याला काडीच लागते.

काकूजी गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. त्यानंतर काकाजींनी सिनेमा सांगणं बंद केलं. रिटायर झाल्यावरही ते सकाळ-संध्याकाळ स्टँडवर जाऊन बसत, नवीन कंट्रोलरला वैताग आणत, ते बंद झालं. ओट्यावर बसून राहायचे. गाडी गेल्याचा आवाज आला तरी मान वर करत नसत. मी भाजी नेऊन दिली तर पहिल्या घासावर काही बोलत नसत. नुसतं जेवत, शेवटच्या घासापर्यंत. मला तेच जास्त भीतीचं वाटलं.

मग एका दुपारी माझ्या दारात आले. माझी मुलगी भंडाऱ्याहून आली होती. तिकडे बँकेत आहे ती. काकाजी उभ्या उभ्याच तिला म्हणाले, "पोट्टे, फोनमंदी जुने सिनेमे भेटतात म्हनते?"

"भेटतात ना आबाजी. कोणता पाहिजे?"

आणि काकाजींनी नाव सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातातली परात खाली ठेवली मी. नाव काही विशेष नव्हतं, तेव्हाच्या सिनेमांना असायचं तसंच. ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते जपलं होतं, मी कशाला उघडं करू.

"फक्त हात पायचा," ते म्हणाले. "शेवट लावू नोको. हात कोनता ते पाहून सांग मले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ते उजवा म्हणे. मी तिच्यावर साऱ्या घराले हसवलं. उजवा निंगाला, तं बाई, मी का करू आता? कोनाजवळ जाऊन सांगू?"

मी त्यांना आत बसवलं.

मुलीनं सिनेमा शोधला. वेळ लागला नाही तिला. फोन पाटावर टेकवून ठेवला आणि आम्ही तिघं वाकून पाहू लागलो. अंधार. टापा. बूट. ते खरोखरच ओले होते. मला उगाच काकाजींचा अभिमान वाटला. फाटक, जिना, दार. आणि हात.

डावा होता.

मुलीनं थांबवून, मोठं करून दाखवलं. डावाच. पुढे टेबल आलं. डॉक्टर उजव्या हातानं जेवतो, दिवाणजी उजव्या, पुतण्या डाव्या. काकाजींनी इतकी वर्षं सांगितलं त्यात तसूभर फरक नाही.

मला वाटलं आता मोकळे होतील. बरोबर निघाले ना ते. पण ते फोनकडे बघतच राहिले, आणि त्यांचा चेहरा हरलेल्या माणसासारखा झाला.

"मंग ते कोनता सिनेमा पाहून आली?" ते म्हणाले. "ते खोटं बोलत नोहती, बाई. कधीच नाही. मंग ते पायत काय होती?"

मुलगी म्हणाली, "आबाजी, इतक्या वर्षांपूर्वीचं, विसरल्या असतील."

"दुसऱ्याच दिवशी म्हनलं होतं तिनं. मी होतो ना तिथं."

मुलीनं पुन्हा पहिल्यापासून लावलं, नुसतं काहीतरी करायचं म्हणून. पुन्हा टापा, पुन्हा काडी, पुन्हा किंकाळी, आणि नावाची ती मोठी अक्षरं. ती मी वाचली. मोठ्यानं वाचली. मला वाचायची हौस आहे, उशिरा शिकली म्हणून असेल, पाटी दिसली की वाचते. वाचता वाचता मला एक मजेची गोष्ट आठवली आणि वातावरण हलकं करावं म्हणून मी सांगितली.

"मला लहानपणी वाटायचं सिनेमाची अक्षरं वेगळी असतात. अड्याळला यात्रेत तंबू यायचा. मी दुसरीत होती, मग शाळा सुटली. पण ग म भ न समजत होतं. तर पडद्यावरचं एकही अक्षर मला लागायचं नाही. मी आईला विचारलं तर आई म्हणे, सिनेमाचं असंच असते, शहरातली अक्षरं आहेत ते."

मुलगी हसली. मग हसता हसता थांबली. "आई, तू कुठं बसत होती?"

"तंबूत."

"तंबूत कुठं?"

"मागं. बाया मागंच बसत. माणसं पुढं, बाया मागं."

"कशाच्या मागं?"

"पडद्याच्या. तिकडून पण दिसायचंच ना. पातळ कापड, पाणी मारून ओलं केलेलं. चांगलं दिसायचं."

मुलगी माझ्याकडे पाहात राहिली. ती काय विचार करते आहे ते मला समजेना. मी तर आयुष्यभर धरून चालली होती की सिनेमा तो सिनेमा, पुढून पाहा की मागून. काकाजींना मात्र समजलं असावं, कारण त्यांनी आपला डावा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. मग तो आपल्याकडे वळवला. मग पुन्हा तिकडे.

"इथं बी तसंच होतं," ते हळू बोलले. "बाया मांगंच होत्या. मायबी तिकडं होती, वहिनी होत्या. मले काय मालूम नोहतं का? साऱ्या गावाले मालूम होतं. पण माय तं हसली जी तिच्यावर. मायनं बी तेच पायलं असन ना?"

"पाहिलं असेल," मी म्हटलं. "हाताकडं लक्ष नसेल."

"तिचं होतं."

मला तर अजूनही ते पूर्ण पटत नव्हतं. मुलीनं काकूजींच्या खोलीतला भिंतीवरचा आरसा काढून आणला, ज्यात पाहून त्या कुंकू लावायच्या. तो काकाजींच्या समोर उभा धरला आणि फोन आरशाकडे तोंड करून त्यांच्या हातात दिला. "आबाजी, आता आरशात पाहा. पडद्याच्या मागून काकूजींना असं उलटं दिसलं होतं."

ते पाहू लागले. मीही त्यांच्या मागून वाकून पाहू लागली. टांगा दुसऱ्याच बाजूनं आला. जिना उलट्या बाजूनं चढला. दार भलतीकडे उघडलं. इतका ओळखीचा सिनेमा, आणि काही ओळखू येईना. आपल्याच घरात कोणी खाटा-कपाटं इकडची तिकडे करून ठेवावी तसं. काकाजी पुटपुटत होते, "अरे, इकडून... अच्छा, हे इकडून आलं..." मग अंधार, आणि एका हातानं काडी ओढली.

उजवा हात होता.

टेबल आलं. डॉक्टर आणि दिवाणजी, दोघं मोठे लोक, खुशाल डाव्या हातानं जेवत होते. एकट्या पुतण्याला तेवढं वळण होतं.

मला हसू आलं, आणि रडूही. काकाजींना काय आलं ते मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, "मी साऱ्याइले विचारलं, बाई. ड्रायव्हरले, कंडक्टरले, त्या गुरुजीले, तुले. गाडीची वाट पायनाऱ्या अनोळखी लोकाइले विचारलं. तिले कधी विचारलंच नाही, खुनी कोन वाटते म्हनून. म्हनलं, जिले हातच समजला नाही, तिले काय विचारू?"

मुलीनं विचारलं, "आबाजी, शेवट लावू का? आता तरी पाहून टाका."

त्यांनी नुसती मान हलवली. नाही म्हणून. मग तिला म्हणाले, "पहिल्यापासून लाव. आरशातच. आन् मी सांगीन तेथं थांबव."

पुन्हा सगळं झालं. टापा, ओले बूट, जिना. या वेळी ते पुटपुटले नाहीत. एका माणसानं नवीन सिनेमा पाहावा तसे पाहत होते. टेबल आलं, रिकामी खुर्ची आली, तेव्हा त्यांनी बोट वर केलं. मुलीनं थांबवलं.

काकाजींनी आमच्याकडे पाहिलं नाही. आरशातच पाहत राहिले आणि स्टँडवर लोकांना विचारायचे त्याच आवाजात, पण फार मऊ करून म्हणाले, "आता सांग. खुनी कोन?"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहू लागलो. मला विचारलं की तिला, समजेना. मुलगी उत्तर देणार होती, मी तिचा हात दाबला. का दाबला तेही मला माहीत नाही. बाहेरून एक गाडी गेली. काकाजी थांबले होते, समोरचा बोलतो आहे तोवर आपण थांबतो, तितका वेळ. एकदा तर त्यांनी मान थोडी वाकवली, नीट ऐकू यावं म्हणून.

मग ते म्हणाले, "हं. मलेबी तोच वाटते."